माजघरांतील चिनी मातीचें घड्याळ

आमच्या मेहकरच्या जुन्या घरांत, माजघराच्या उत्तरेकडील कोनाड्यांत, एक चिनी मातीचें घड्याळ शंभराहून अधिक वर्षें टिकटिक करीत आलें आहे. वस्तुतः तें मेजावर ठेवण्यासाठीं केलेलें. परंतु आमच्या घरीं मेज येण्यापूर्वींच घड्याळ आलें, म्हणून त्याच्या वांट्यास कोनाडा आला. पुढें मेजहि आलें, पण घड्याळानें कोनाडा सोडला नाहीं. गेल्या वैशाखांत घराच्या वांटणीची गोष्ट निघाली. भांडींकुंडीं, पाट, समया यांची यादी झाली, आणि शेवटीं या घड्याळाचें काय करावयाचें हा प्रश्न पुढें आला. त्या निमित्तानें त्याच्या मातीची, नक्षीची आणि खऱ्या वयाची जी चौकशी आम्हांस करावी लागली, ती वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें. वऱ्हाडांत, खानदेशांत व पुण्याकडेहि कित्येक घरांत अशीं घड्याळें अजून आहेत. त्यांच्या धन्यांस ती उपयोगीं पडेल. शिवाय या चौकशींत आमच्या स्वतःच्या नांवावर एक जुनें देणें निघालें. तेंहि शेवटीं फेडावयाचें आहे.

प्रथम घड्याळाचें वर्णन करतों. उंची बारा इंच, रुंदी दहा. खालच्या बाजूस गर्द हिरवा रंग. तो वर जातां जातां फिकट होऊन मध्यभागीं सायीसारखा होतो. त्या सायीवर डाव्या हातास गुलाबांचा एक झुबका व उजव्या हातास एकटीच कळी. चार पाय आंतल्या बाजूस वळलेले, कडेला सोनेरी रेघ, आणि माथ्यावर शिंपल्याच्या आकाराचा तुरा. तबकडी पांढरी, तिच्यावर रोमन आंकडे. त्यांतील चाराचा आंकडा चार उभ्या रेघांचा. मध्यभागीं एक गोल खिडकी असून तींतून एक दातेरी चाक व त्याचा एकेक दांत सोडणारा अंकुश हलतांना दिसतो. आठ दिवसांनीं एकदां चावी. तासाला तितके ठोके, अर्ध्या तासास एक. तुऱ्याच्या उजव्या बाजूस नखाएवढा टवका उडालेला असून तेथून केसासारखी एक चीर तबकडीपर्यंत उतरली आहे. या टवक्याकडे वाचकांनीं लक्ष असूं द्यावें.

आमचे पणजोबा मेहकरास वकिली करीत. त्यांनीं हें घड्याळ १९०८ च्या सुमारास मुंबईहून आणलें. तेव्हां मलकापुरापर्यंत आगगाडी. तेथून राजूरचा घाट चढून बुलढाणें, मग चिखली आणि मग मेहकर, असा पुढचा सर्व प्रवास बैलगाडीचा. घड्याळ फुटूं नये म्हणून पणजोबांनीं मलकापुरास सरकी काढलेला कापूस विकत घेतला व घड्याळ त्यांत पुरून आणलें. घरांत असें सांगत कीं, गांवांत घड्याळापेक्षां त्या कापसाचीच चर्चा अधिक झाली. कारण घड्याळ एकच निघालें, पण कापसाच्या दोन गाद्या झाल्या!

वांटणीच्या गडबडींत आमच्या पुतण्यानें घड्याळाचें छायाचित्र आपल्या भ्रमणध्वनीवरून जुन्या वस्तूंच्या एका दलालास धाडलें. चार दिवसांत ते गृहस्थ स्वतः हजर झाले. त्यांनीं घड्याळ उलटें करून बुडाचा शिक्का पाहिला आणि म्हणाले, “गुरुजी, हें पाहा, सतराशें पंचावन! हें फ्रान्सच्या राजाच्या कारखान्यांतलें. गिऱ्हाईक मी आणतों. तुम्ही दोनच गोष्टी करा. सतराशें पंचावन सालचें म्हणून कागदावर सही द्या, आणि हा टवका व ही चीर भरून रंगवूं द्या. कोणाला पत्ता लागणार नाहीं.” त्यांनीं सांगितलेली किंमत ऐकून पुतण्याचा चेहरा उजळला. त्यांत त्याचा दोष नाहीं. त्याला संभाजीनगरास घराचे हप्ते फेडावयाचे आहेत. आम्ही मात्र आठ दिवसांची मुदत मागितली. अडतीस वर्षें मुलांस व्याकरण शिकविलें. सही करण्यापूर्वीं वाक्य तपासण्याची खोड जाणार कोठें?

पहिली तपासणी शिक्क्याची. बुडाशीं एक मुकुट, त्याखालीं ढाल, ढालींत एफ व एम हीं दोन अक्षरें, १७५५ हा आंकडा, आणि ‘रॉयल बॉन’ व ‘जर्मनी’ हे शब्द आहेत. म्हणजे फ्रान्सचा संबंध येथेंच संपला. बॉन हें ऱ्हाईन नदीच्या कांठचें जर्मन शहर. त्या शहरालगत क्लेमेन्स ऑगस्ट नांवाच्या राजपदधारी धर्माधिपतीच्या आश्रयानें १७५५ सालीं मातीच्या झिलईदार भांड्यांचा कारखाना निघाला होता. पुढें १८३६ पासून फ्रान्झ आंतोन मेहलेम यांचा कारखाना त्या शहरांत चालला, आणि त्यानें त्या धंद्याचें आरंभवर्ष आपल्या शिक्क्यांत मिरविलें. एफ व एम हीं मेहलेम यांचींच आद्याक्षरें. पेढेवाल्याच्या पाटीवर ‘स्थापना १९२०’ असें लिहिलेलें असतें. म्हणून आंतला पेढा कांहीं १९२० सालचा नसतो! १७५५ हा आंकडा वंशाचा आहे, व्यक्तीचा नव्हे.

‘जर्मनी’ या शब्दानें तर वयाचा निकालच लागतो. अमेरिकेनें १८९० सालीं जकातीचा एक कायदा केला. त्याअन्वयें १८९१ पासून अमेरिकेंत येणाऱ्या परदेशी मालावर उत्पत्तीच्या देशाचें नांव इंग्रजींत घालणें भाग पडलें. अशा रीतीनें ज्या वस्तूवर देशाचें नांव इंग्रजींत छापलेलें आढळेल, ती बहुधा १८९१ नंतरची समजावी. वाचकांनीं आपल्या घरच्या बशा, बरण्या व फुलदाण्या याच कसोटीस लावून पाहाव्या.

पण जर्मन घड्याळास अमेरिकेच्या कायद्याशीं काय कर्तव्य? याचें उत्तर तबकडीवर आहे. सहाच्या आंकड्याखालीं, भिंग लावल्यावांचून दिसणार नाहीं अशा बारीक अक्षरांत, ‘ॲन्सोनिया क्लॉक कंपनी, न्यूयॉर्क’ हें नांव आहे. ही कंपनी ॲन्सन फेल्प्स या धातूच्या व्यापाऱ्यानें १८५१ सालीं कनेक्टिकट प्रांतांत काढली. पुढें तिचा मोठा कारखाना न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनला झाला. आंतील यंत्र अमेरिकेंत करावयाचें आणि बाहेरचें मातीचें घर बॉनहून मागवावयाचें, अशी तिची रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं अशीं घड्याळें पुष्कळ निघालीं. म्हणजे या घड्याळाची माती ऱ्हाईनच्या कांठची, पितळ अमेरिकेचें, आणि कापूस मलकापूरचा! दोन्ही कारखाने आज नाहींत. मेहलेम यांचा कारखाना १९२० च्या सुमारास दुसऱ्या जर्मन कंपनीनें घेतला व १९३१ सालीं बंद झाला. ॲन्सोनियाची यंत्रसामग्री १९२९ सालीं सोव्हिएट सरकारनें विकत घेतली व ती मॉस्कोस गेली.

दुसरी तपासणी मातीची. चिनी माती हा शब्द आपण फार सैल वापरतों. चहाची बशीहि चिनी माती आणि लोणच्याची बरणीहि चिनी मातीच. परंतु खरें पोर्सेलिन निराळें. त्यास केओलिन नांवाची शुभ्र माती लागते, तिच्याशीं फेल्स्पार नांवाचें खनिज दळून मिळवावें लागतें, आणि तेराशें अंशांवर उष्णता द्यावी लागते. मग तें खनिज वितळून माती कांचेसारखी एकजीव होते. पातळ कडेआड दिवा धरला तर उजेड दिसतो, बोटानें टिचकी मारली तर घंटेसारखा नाद येतो, आणि मोडलेल्या कडेसहि पाणी शिरत नाहीं. चीन देशानें ही विद्या शेंकडों वर्षें राखली. युरोपांत ती प्रथम साधली योहान फ्रीडरिश बोटगर यास. हा मूळचा किमयागार. सोनें करून देतों या त्याच्या बढाईमुळें सॅक्सनीचा अधिपति ऑगस्टस यानें त्यास नजरकैदेंत ठेविलें. सोनें कांहीं झालें नाहीं. परंतु चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या संगतींत प्रयोग करतां करतां १७०८ च्या सुमारास त्याला पोर्सेलिनचें गुह्य सांपडलें, आणि १७१० सालीं माइसेन येथें राजाचा कारखाना निघाला. दोन तलवारींची फुली ही त्याची खूण आजहि चालू आहे. फ्रान्सचा कारखाना १७४० सालीं व्हँसेन येथें निघून १७५६ सालीं सेव्र येथें गेला.

आमचें घड्याळ या उच्च कुळांतील आहे काय? उडालेला टवका आमच्याजवळ आहे. तो कसा राहिला तें पुढें सांगूं. त्याची मोडलेली कड आम्ही उजेडांत पाहिली. ती कांचेसारखी नव्हती. खडूसारखी, किंचित् पिवळट होती. तिच्यावर शाईचा थेंब टाकला, तो क्षणांत पसरला. जिभेस लावली, ती चिकटली. म्हणजे ही सच्छिद्र माती. वर झिलई चढविलेली. मेहलेम यांचा कारखाना मुख्यतः अशाच मालाचा होता. व्यवहारांत त्यास पोर्सेलिन म्हणतात, म्हणोत. परंतु तें पोर्सेलिनच्या वेषांतील मृण्मय पात्र आहे. झिलई म्हणजे तरी काय? रेती आणि तिला वितळविणारा क्षार यांची पातळ कांच. असले क्षार आम्हां मेहकरकरांस परके नाहींत. जवळच्या लोणारच्या सरोवरांत सोडा पिकतो, आणि तेथें कांच व साबण यांस लागणारीं द्रव्यें मिळतात ही नोंद अबुल फजलनें ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत करून ठेविली आहे. कच्चा माल आपल्या दारीं होता. त्याचा शिंपला करण्याची हौस मात्र दूरदेशीं झाली.

आतां नक्षीविषयीं. या धाटणीस रोकोको म्हणतात. फ्रेंच बागांतून कृत्रिम गुहा करून त्यांच्या भिंतींस खडे व शिंपले बसवीत. त्या कामास ‘रोकाय’ असा शब्द आहे, त्यावरून हें नांव पडलें. चौदाव्या लुईच्या काळची कलाकुसर भारदस्त, तोललेली व सरळ रेषांची होती. पंधराव्या लुईच्या राज्यांत (१७१५–१७७४) लोकांस तिचा कंटाळा आला आणि महालांच्या भव्यतेऐवजीं बैठकीच्या खोलीचा जिव्हाळा आवडूं लागला. मग भिंती, खुर्च्या, आरसे, घड्याळें सर्वच वळूं लागलीं. इंग्रजी सी आणि एस या अक्षरांसारखीं वळणें, शिंपले, फुलांचे झुबके, फिकट रंग व सोन्याच्या कडा, हीं या धाटणीचीं लक्षणें. त्यांतील मुख्य लक्षण असें कीं दोन्ही बाजू सारख्या ठेवावयाच्या नाहींत. पण तोल मात्र सांभाळावयाचा. आमच्या हेमाडपंती मंदिराच्या चौकटीवर डावीकडे जी वेल, तीच उजवीकडे; शिल्पी नियमानें चालतो. रोकोकोचा कारागीर नियम मोडतो आणि मोडलेला दिसूं देत नाहीं. डावीकडे पांच गुलाब व उजवीकडे एक कळी असूनहि आमचें घड्याळ एका बाजूस झुकलेलें वाटत नाहीं, यांत त्याचें सर्व कौशल्य आहे. ओल्या मातीला सांच्यांत वाटेल तें वळण देतां येतें, म्हणून लांकूड व दगड यांपेक्षां मातीसच ही धाटणी अधिक मानवली.

परंतु १७७४ नंतर ती धाटणी मागें पडली होती. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत मध्यमवर्ग वाढला. त्याला आजोबांच्या काळच्या सरदारी थाटाची हौस वाटूं लागली, आणि कारखान्यांनीं रोकोको पुन्हां जन्मास घातला. आमचें घड्याळ या दुसऱ्या जन्मांतील. भिंगाखालीं गुलाबांच्या कडा बारीक ठिपक्यांच्या दिसतात. म्हणजे त्या कागदावरून उतरविलेल्या छापाच्या. पाकळ्यांच्या टोकांवर मात्र कुंचल्याचे खरे फटकारे आहेत. कोणा अज्ञात कारागिराच्या हातास तेवढीच जागा मिळाली, आणि तेवढ्यांतहि त्यानें प्रत्येक पाकळी निराळी केली.

खरा राजेशाही माल पाहावयाचा असेल तर हैदराबादेस सालारजंग संग्रहालयांत जावें. युरोपीय पोर्सेलिन आणि युरोपीय घड्याळें दोन्ही तेथें एका छपराखालीं आहेत. तेथील ठोक्यांच्या मोठ्या घड्याळांतून दर तासाला एक छोटी मूर्ति बाहेर येऊन टोले देते. तें पाहण्यास आम्हीहि मुलांच्या सहलीबरोबर तास तास उभे राहिलों आहों. वऱ्हाडच्या माणसाला त्या दालनांत एक वेगळीच आठवण होते. १८५३ च्या मे महिन्यांत निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला, आणि त्याच महिन्यांत चोवीस वर्षांचे पहिले सालारजंग दिवाण झाले. वऱ्हाड परत मिळावा म्हणून त्यांनीं पुष्कळ खटपट केली. ती सफळ झाली नाहीं. त्यांचे नातू तिसरे सालारजंग यांनीं बहुतेक संग्रह जमविला, आणि १९५१ च्या डिसेंबरांत तो लोकांस खुला झाला.

घड्याळ कसें वापरावें याविषयीं चार शब्द. बैठक समपातळींत असावी. टिक आणि टक यांमधील अंतर सारखें ऐकूं आलें पाहिजे. कांटे मागें फिरवूं नयेत. पुढें नेतांना प्रत्येक ठोका पुरा होऊं द्यावा. चावी ठराविक वारीं द्यावी. सोनेरी काम झिलईच्या वर असतें, म्हणून सोडा, राख, चिंच यांचा त्यास स्पर्श नको. मऊ कोरडें फडकें पुरे. चीर असेल तेथें पाणी लावूं नये, तें आंतल्या मातींत मुरतें. आणि घड्याळ उचलतांना दोन्ही हात बुडाशीं असावेत. तुऱ्याला धरून तें कधींहि उचलूं नये.

या शेवटच्या वाक्याशीं आमचें देणें निगडित आहे. आमची आत्या चौदाव्या वर्षीं वैधव्य येऊन माहेरीं परतली. तिला घरांत काम पुष्कळ होतें, सत्ता कशावरच नव्हती. पणजोबांनीं घड्याळाची चावी तेवढी तिच्या हातीं दिली. दर रविवारीं स्नान झाल्यावर ती चावी देई, आणि तेवढा वेळ घरांत कोणी मोठ्यानें बोलत नसे. १९६७ सालीं, दिवाळीच्या आधल्या आठवड्यांत, घरांत कोणी नाहीं असें पाहून आम्ही पाटावर पाट ठेवून कोनाड्याशीं पोंचलों. वय नऊ वर्षांचें. बाराचे ठोके लवकर ऐकावयाचे होते. तुऱ्याला धरून घड्याळ ओढलें, तें कोनाड्याच्या दगडावर आपटलें. आवाज ऐकून आत्या आली, तिनें आम्हांस परसांत लोटलें, आणि मागून आजोबा आले तेव्हां ती म्हणाली, “माझ्याच हातून झालें.” आजोबांनीं हात पुढें केला. तिनें चावी त्यांच्या हातावर ठेवली. “ज्या हाताला भान नाहीं, त्या हातीं चावी नको,” इतकेंच ते बोलले. आम्ही तुळशीवृंदावनाआडून सर्व ऐकलें आणि बोललों नाहीं.

१९७१ सालीं आजोबा वारले. वडिलांनीं चावी आत्यापुढें धरली. ती म्हणाली, “नको रे, माझी संवय मोडली. चावी बाळूला दे. आतां त्याचा हात जपून चालेल.” बाळू म्हणजे आम्ही. तेव्हांपासून दर रविवारीं चावी आम्हीच देत आलों. १९८४ सालीं ती गेली. तिच्या गोमुखींत, जपमाळेखालीं, कापसांत गुंडाळलेला तो टवका निघाला. तेव्हांहि वडिलांस सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. “पूर्वींचा तुकडा दिसतो” असें म्हणून आम्ही तो खिशांत टाकला. सत्यं वद हें पुढें बत्तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलें.

आठव्या दिवशीं दलाल आले. आम्ही सर्वांसमक्ष एक कागद वाचून दाखविला. त्यांत लिहिलें होतें: घड्याळ १७५५ चें नाहीं, १८९१ ते १९०८ यांमधील आहे. घर बॉनच्या मेहलेम यांच्या कारखान्याचें, यंत्र अमेरिकेचें, माती सच्छिद्र, पोर्सेलिन नव्हे. चीर व टवका १९६७ सालचे. ते आमच्या हातून झाले. आमच्या आत्याचा त्यांत अपराध नव्हता. खालीं सही व तारीख. दलाल म्हणाले, “गुरुजी, या कागदासकट कोण घेणार?” आणि पहिल्या किमतीच्या पांचव्या हिश्शावर येऊन थांबले. पुतण्या बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें यादींतील घड्याळाच्या नांवावर रेघ मारली आणि म्हणाला, “काका, हें विकावयाचें नाहीं. मी घेऊन जातों, कागदहि द्या.” त्याच्या हप्त्यांचें काय, असें आम्ही विचारलें. “चालतील तसे चालतील,” तो म्हणाला.

घड्याळ यंदाहि कापसांतूनच संभाजीनगरास गेलें. चावी पुतण्याच्या मुलीकडे दिली आहे. तिचेंहि वय नऊच आहे. पहिल्याच रविवारीं तिचा दूरध्वनि आला, “आजोबा, आपलें घड्याळ चोवीस मिनिटें मागें आहे. पुढें करूं?”

याचें कारण वाचकांसहि सांगितलें पाहिजे. १९०६ च्या आरंभापासून सरकारी वेळ साडेब्यायशीं अंश रेखांशाची धरली. मेहकर सुमारें शहात्तर अंश चौतीस कलांवर. म्हणून मेहकरचा मध्यान्ह त्या वेळेहून सरासरी चोवीस मिनिटांनीं उशिरां होतो. चोवीस मिनिटें म्हणजे बरोबर एक घटिका. तांब्याचें घटिकापात्र पाण्यांत बुडावयास लागतो तेवढा काळ. मुंबईनेंहि आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आमच्या पणजोबांनीं हें घड्याळ मेहकरच्या सूर्यावर लाविलें. आत्यानें तसेंच चालविलें, आणि आम्हीहि बदललें नाहीं.

“नको, बाळे,” आम्ही तिला सांगितलें. “तें चुकलेलें नाहीं. त्यांत मेहकरची वेळ आहे. तशीच असूं दे. आणि उचलशील तेव्हां तुऱ्याला धरूं नको.”